संगणक मोडू द्या!

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या शाळेच्या संगणक कक्षात ‘विचारल्याशिवाय हात लावू नये’ अशी पाटी असेल, तर ती लावणाऱ्या सरांवर रागावू नका. कोणी भलतीच आज्ञा दिली आणि तबकडीवरचे सारे पुसले गेले, तर दुरुस्तीला माणूस येईपर्यंत तो संगणक झाकून ठेवावा लागतो. मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी ही भीती खोटी नव्हे. पण तिच्यावर उपाय आहे, आणि तो फुकट मिळतो. तो शाळांनी वापरावा असे माझे म्हणणे आहे.

उपाय समजण्यासाठी घरातला आठ-अचा उतारा पाहा. एखाद्या शेतकऱ्याचे दीड एकर नाल्याकाठी असते, दोन एकर टेकाडाखाली. प्रत्येक गटाचा सातबारा वेगळा. पण आठ-अमध्ये ते सारे एका खात्यावर येतात. भावाभावांत वाटणी झाली की फेरफार होतो. जमीन जागची तसूभरही हलत नाही, हलते ती नोंद.

तबकडीचेही असेच करता येते. लिनक्समधील ‘लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर’ हे साधन तबकडीचे सारखे तुकडे पाडते. सामान्यतः एक तुकडा 4 मेगाबाइटांचा. हवे तितके तुकडे एका नावावर लिहिले की झाला तार्किक खंड. 10 गिगाबाइटांच्या खंडाला 2,560 तुकडे लागतात. गुणून पाहा, येथे 1 गिगाबाइट म्हणजे 1,024 मेगाबाइट. हे तुकडे शेजारी शेजारी नसले तरी चालते. दोन निराळ्या तबकड्यांवर असले तरीही. लिनक्ससाठी हे साधन हाइन्झ माउएल्सहागेन ह्यांनी 1998 साली लिहिले.

आता एका खऱ्या संगणकात दोन-तीन आभासी संगणक चालवा आणि प्रत्येकाला असा एक खंड द्या. आतल्या संगणकाला वाटते, ही आपली स्वतंत्र तबकडी! कल्पना जुनी आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर आभासी संगणकांना ‘मिनीडिस्क’ वाटून दिल्या जात.

शाळेच्या उपयोगाची खरी गंमत पुढेच आहे. तास सुरू होण्यापूर्वी खंडाची ‘स्नॅपशॉट’ घ्यायची. ही पूर्ण नक्कल नसते. मूळ खंडात एखादी जागा बदलायची वेळ आली, की तेथील जुना मजकूर आधी बाजूच्या राखीव जागेत उतरवला जातो. म्हणून ती क्षणात तयार होते. तासभर मुलांनी काहीही पुसावे, मोडावे. शेवटी खंड स्नॅपशॉटवर परत न्यायचा, की सारे पूर्ववत!

मात्र राखीव जागा भरून गेली, तर साधी स्नॅपशॉट निकामी होते. आणि मूळ तबकडीच जळाली तर तिच्यावरची स्नॅपशॉटही तिच्याबरोबर जाते. परीक्षेचे गुण त्या भरवशावर ठेवू नयेत. त्यांची प्रत दुसऱ्या कपाटात हवी.

खंड वाढवणे एका आज्ञेचे काम. पण बांध सरकवला म्हणजे पेरणी झाली असे नाही: आतल्या संगणकाची फाइल-व्यवस्था वेगळी वाढवावी लागते. लहान करताना क्रम उलटा. आधी आतले आवरायचे, मग खंड कापायचा. येथे घाई केली की माहिती गेलीच.

‘आमचे संगणक जुने आहेत,’ असे शिक्षक म्हणतील. 8 गिगाबाइट स्मृती असलेल्या यंत्रावर दोन-तीन छोटे आभासी लिनक्स संगणक चालतात. वीज गेली तर सारे एकदम बंद पडतील, हा आक्षेप मात्र रास्त आहे, बॅटरी हवीच.

गुरुजनहो, ह्या सत्रात एकच संगणक ह्या कामाला काढून द्या. पहिल्या दिवशी एका गटाने आभासी संगणकातली कोणतीही एक महत्त्वाची फाइल पुसावी, आणि तो सुरू का होत नाही हे दुसऱ्या गटाने शोधावे.