दिग्दर्शक कर्ता, पण एकटा नव्हे

दिग्दर्शक हाच चित्रपटाचा कर्ता, हे मत आता इतकं रुळलं आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. 'बेनेगलांचा निशांत' असं सर्रास म्हटलं जातं. पटकथा विजय तेंडुलकरांची असूनही 'तेंडुलकरांचा निशांत' असं क्वचितच. जानेवारी १९५४ मध्ये फ्रांस्वा त्रुफोने 'काहिये द्यु सिनेमा' या फ्रेंच मासिकात लिहिलेल्या लेखाने या मताला धार आणली. पटकथाकारांनी गाजलेली कादंबरी बेतून द्यायची आणि दिग्दर्शकाने त्यात नुसती चित्रं भरायची, या तिथल्या रिवाजावर त्रुफो चिडला होता, आणि त्याची चीड रास्त होती. अमेरिकेत समीक्षक अँड्र्यू सॅरिसने १९६२ मध्ये त्या चिडीचा सिद्धांत बनवला. एकामागून एका चित्रपटात ज्याच्या व्यक्तिमत्त्वाचा ठसा दिसतो, तो दिग्दर्शक कर्ता ठरला.

ही कसोटी आपल्या चित्रपटांना लावून पाहावी.

प्रभातच्या 'संत तुकाराम'ला (१९३६) दिग्दर्शकच दोन आहेत. दामले ध्वनीतले जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शनातले. लेखन शिवराम वाशीकरांचं, संगीत केशवराव भोळ्यांचं. त्यातला बीज आणि वृक्षाचा अभंग अनेकांना तुकोबांचाच वाटत आला. प्रत्यक्षात तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी रचला. आणि तुकाराम साकारणाऱ्या विष्णुपंत पागनीसांना वगळून तो चित्रपट डोळ्यांपुढे उभा तरी राहतो का?

विजय तेंडुलकरांचं उदाहरण तर सिद्धांताच्या मुळावरच येतं. 'सामना' जब्बार पटेलांचा, 'निशांत' श्याम बेनेगलांचा, 'आक्रोश' आणि 'अर्धसत्य' गोविंद निहलानींचे. दिग्दर्शक तीन, पटकथाकार एक. सत्ता माणसाला कशी चिरडते आणि चिरडलेला माणूस शेवटी काय करून बसतो, हा प्रश्न चारही चित्रपटांत आहे. सॅरिसच्या मापाने मोजलं तर कर्ता म्हणून तेंडुलकरच निवडून येतात. मापच तोकडं आहे, याला आणखी दाखला कशाला हवा?

पण म्हणून दिग्दर्शक हा लेखकाचा हरकाम्या ठरत नाही. अमेरिकन समीक्षक पॉलिन केलने १९७१ मध्ये 'सिटिझन केन'च्या पटकथेचं श्रेय दिग्दर्शक ऑर्सन वेल्सकडून काढून सहपटकथाकार मँकिवित्झच्या पदरात टाकलं, तेव्हा तिचाही तोल गेला. पटकथेच्या मसुद्यांचा अभ्यास झाल्यावर वेल्सचा हात स्पष्ट दिसला. 'आक्रोश'मधला लहान्या भिकू घ्या. बायकोच्या खुनाचा आळ डोक्यावर, वकील विनवतो आहे, आणि हा जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर गप्प. कागदावर 'गप्प राहतो' एवढे दोनच शब्द पुरतात. पण ओम पुरीच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबवायचा, त्याचे डोळे कुठे वळवायचे, हे कागद सांगत नाही. कॅमेराही निहलानींनीच सांभाळला होता. बापाच्या चितेपाशी लहान्या बहिणीवर कुऱ्हाड चालवतो आणि मग ओरडतो. ती किंकाळी अंगावर येते, कारण त्याआधीचं मौन कुणीतरी क्षणाक्षणाने साठवलेलं असतं. हे साठवणं कर्त्याचंच काम आहे, आणि ते इथे तेंडुलकर, निहलानी आणि ओम पुरी तिघांनी मिळून केलं.

खुद्द फ्रान्सने हे केव्हाच ओळखलं. मार्च १९५७ च्या तिथल्या कायद्याने पटकथाकार, रूपांतरकार, संवादलेखक, चित्रपटासाठी संगीत रचणारा आणि दिग्दर्शक यांना सहकर्ते मानलं. त्याच वर्षी भारताचाही कॉपीराइट कायदा झाला. त्यात चित्रपटाचा कर्ता कोण? निर्माता. पैसा उभा करणं हे मोठं काम आहे. पण ज्याच्या डोक्यातून आणि हातून दृश्य आकाराला येतं, त्याचा कर्तेपणा नाकारायला ते कारण पुरत नाही. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकाला निर्मात्याबरोबर सहकर्ता करण्याची तरतूद होती. २०१२ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा ती वगळलेली होती. गीतकार, संगीतकार आणि लेखकांना मानधनापलीकडे रॉयल्टीचा हक्क मिळाला, दिग्दर्शक बाहेरच राहिला. ती तरतूद पुन्हा आणायला हवी, आणि या वेळी दिग्दर्शकाच्या शेजारी पटकथाकाराचंही नाव सहकर्ता म्हणून घालायला हवं.