धूसर चित्रांचें शुद्धीकरण

उंब्रजला तारळी कृष्णेस मिळते. संगमाखालीं भरलेल्या घागरींतलें कृष्णेचें पाणी कोणतें व तारळीचें कोणतें, हें निवडावयास कोणी सांगितलें तर आपण त्यास वेड्यांत काढूं. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत मात्र अशाच निवडीचें काम विद्वान् लोक करीत असतात. घरांतील एखादी मुलगी किंवा सून 'मी अस्पष्ट चित्रें स्पष्ट करण्याच्या विषयांत डॉक्टरेट करीत आहें' असें म्हणाली, तर 'ह्यांत चार-पांच वर्षें घालविण्यासारखें काय आहे?' असा प्रश्न वडील मंडळींस पडणें स्वाभाविक आहे.

भिंग कितीहि निर्दोष असो, प्रकाशाच्या लहरी-स्वभावामुळें बिंदूच्या चित्राचा पसरट ठिपका होतो. ही मर्यादा एर्न्स्ट आबे ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८७३ सालीं दाखविली. साध्या सूक्ष्मदर्शकांत सुमारें २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदु वेगळे दिसत नाहींत. खोलीच्या दिशेनें तर ठिपका अधिकच लांबतो. पेशीला जाडी असल्यामुळें तिच्या एका थराच्या चित्रांत वरच्या-खालच्या थरांचा प्रकाशहि मिसळतो.

ह्यावर उपाय असा : एका अतिसूक्ष्म चमकत्या मण्याचा प्रकाश कसा पसरतो तें प्रथम मोजावयाचें, मग पेशीचीं थराथरानें चित्रें घेऊन त्या पसरण्याचा हिशेब गणितानें उलटा करावयाचा. डेव्हिड अगार्ड व जॉन सेडाट ह्यांनीं १९८३ सालीं फळमाशीच्या पेशीकेंद्रांतील गुणसूत्रांची रचना अशा थरचित्रांवरून दाखविली. १९९० सालीं अवकाशांत सोडलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा सदोष निघाला, तेव्हां १९९३ मध्यें दुरुस्ती होईपर्यंत तिचीं चित्रेंहि अशाच गणितानें सुधारीत असत.

खरी अडचण पुढेंच आहे. प्रकाश तोकडा असला कीं चित्रांत निरर्थक ठिपके मिसळतात. उलटें गणित त्यांनाहि फुगवितें आणि नसलेली रेघ खरी भासूं लागते. हल्लींचीं शिकविलेलीं गणकयंत्रें चित्र फार सुबक करून देतात. परंतु पूर्वीं पाहिलेल्या चित्रांच्या संस्कारानें तीं रिकामी जागा आपल्या मनचें घालून भरूंहि शकतात. अशा रेघेवरून कोणी रोगाचें निदान केलें, तर त्याचें फळ रोग्यास भोगावें लागेल. म्हणून संशोधक आधीं माहीत असलेलें चित्र मुद्दाम धूसर करितो आणि आपल्या रीतीनें मूळ जसेंच्या तसें परत येतें कीं नाहीं हें पुनःपुन्हां पडताळतो. वर्षें जातात तीं ह्या पारखींत.

तेव्हां वाचकहो, आपल्या घरच्या संशोधकास 'चित्र किती स्वच्छ झालें?' असें विचारूं नये. 'तें खरें कशावरून?' असें विचारावें. उत्तर देतांना तो जितका सावध दिसेल, तितका त्याचा अभ्यास खोल समजावा.