एकच पडदा

संगणकाच्या प्रयोगशाळेत साहित्याच्या माणसाला फारसे काम नसते. तरीही महाविद्यालयात टर्बो सी शिकवले जात असे तेव्हा तिथे पाहिलेली एक अडचण समीक्षेचा तास घेताना मला हटकून आठवते. ग्राफिक्सचा प्रोग्राम नेमका कुठे चुकला हे दाखवणारा डीबगरही त्याच पडद्यावर उमटतो. वर्तुळ निम्मे काढून झाले असता प्रोग्राम थांबवावा, तर ते वर्तुळ नाहीसे होऊन तिथे प्रोग्रामच्या ओळी येतात. आल्ट-एफ५ दाबून चित्राकडे परतावे, तर ओळी जातात. पडद्यांची ही अदलाबदल बंद ठेवली, तर ओळी थेट चित्रावरच उमटतात आणि बिघाड प्रोग्रामचा की तपासणाऱ्याचा, हेच कळेनासे होते.

जुन्या पीसीवर यावर उपाय होता. एकरंगी आणि रंगीत पडद्यांच्या कार्डांना स्मृतीतले पत्ते वेगवेगळे असल्याने एकाच यंत्राला दोन पडदे जोडता येत. एकावर चित्र, दुसऱ्यावर डीबगर. तो दुसरा पडदा किती महाविद्यालयांना परवडला, हे विचारू नये.

अलिबागकरांना हा उपाय नवा वाटणार नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी कुलाब्याच्या वेधशाळेत होत असे. (आपला जिल्हाही तेव्हा कुलाबाच, पण हा कुलाबा मुंबईचा.) मुंबईत विजेची ट्राम येणार, तेव्हा तिच्या प्रवाहाचा उपद्रव नोंदींत शिरणार हे उघड होते. म्हणून संचालक मूस यांच्या काळात, १९०४ साली, अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या गेल्या, त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता आली. ट्राम धावली ती १९०७ मध्ये.

समीक्षेला असे पाणी ओलांडून पलीकडे जाता येत नाही. कविता मराठीत आणि तिचा उलगडाही मराठीतच. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. ते बजावणेही त्यांना ओवीतच आणि त्याच पोथीच्या शेवटी करावे लागले!

स्पष्टीकरण पारदर्शक असते, ते बाजूला केले की कविता जशीच्या तशी उरते, असे आपण अध्यापक गृहीत धरतो. ते मला पटेनासे झाले आहे. एका उत्तरपत्रिकेत माझेच एक वाक्य, कवीची ओळ म्हणून, अवतरणचिन्हांसह मला परत मिळाले. विद्यार्थिनीचा दोष नव्हता. मूळ ओळीवर ती पुसली जाईपर्यंत मीच लिहीत गेलो होतो. तेव्हापासून पहिल्या तासाला कविता फक्त वाचायची, पाठ्यपुस्तकाच्या समासात काही लिहायचे नाही आणि टिपणे वेगळ्या वहीत, असा नियम केला आहे. प्रत्येक टिपणानंतर वही मिटून कविता पुन्हा मोठ्याने वाचायची. यात अभ्यासक्रम दोन कवितांनी मागे पडतो आणि विभागाच्या बैठकीत त्याची विचारणा होते.