पुढला भाग कुणाचा?



आवडती मालिका नव्यानं सुरू होणार म्हटलं की आमच्या नामपूरच्या वस्तीत उधाण येतं. कांद्याच्या वाफ्यात दिवसभर वाकलेली बाई रात्री टीव्हीपुढं टेकते आणि विचारते, आता पुढं काय होणार? यात तिचा काय गुन्हा? दुसऱ्याच्या रानात दिवस घालवणाऱ्याला अर्धा तास तरी स्वतःचा नको का? मीही बघतो, मीही वाट पाहतो. तेव्हा मालिका बघू नका असलं पांढरपेशी प्रवचन मी झोडणार नाही. माझा सवाल एवढाच, वाट पाहायची ती कुणाची?

'रात्रीस खेळ चाले' घ्या. २०१६ ला पहिला भाग, २०१९ ला दुसरा, २०२१ ला तिसरा. कोकणातला वाडा आणि वाड्याचा धनी अण्णा नाईक. लुबाडणारा, बायांवर नजर ठेवणारा, खून पाडणारा. मेला तरी भूत होऊन परत येतो. आणि आपण टाळ्या पिटतो, अण्णा आले! अरे, याच कोकणात खोतांनी कुळांच्या पिढ्यान् पिढ्या पिळून काढल्या. १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी त्या कायदेमंडळावर चालून गेले. धन्याचं भूत तीन-तीनदा परत येतं. त्याला घाम फोडणारं कूळ एकदाही का येत नाही?

२०१९ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली. २०२० ला संपली. संपली ती संपलीच, दुसरा भाग नाही. का? १९५६ नंतर आम्ही काय झोपलो होतो? १९५९ ला दादासाहेब गायकवाडांनी याच नाशिक-खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह उठवला, १९६४ ला तो देशभर नेला. १९७२ ला पँथर उभी राहिली. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या. नाव लागलं १९९४ ला, तेही नामविस्तार करून. सोळा वर्षांची झुंज! यात किती सीझन निघतील, मोजा की.

कुणी म्हणेल, आपलं कोण ऐकतंय? मग ऐका. १९८७ ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. १९८८ ला ते राज्याभिषेकावर आटोपणार, असं ठरलं. जालंधरचे सफाई कामगार वाल्मीकींना आपला पूर्वज मानणारे. ते म्हणाले, लव-कुशाची गोष्ट दाखवा, त्याशिवाय वाल्मीकी पुरा होत नाही. झाडू खाली ठेवले. शहरात घाणीचे ढीग लागले, संप उत्तरेतल्या दुसऱ्या शहरांत पसरला. दिल्लीचं सरकार हललं आणि त्याच साली पुढला भाग पडद्यावर आला. झाडूवाल्यांनी आणलेला सीझन! पण दोस्तांनो, त्याच उत्तरकांडात तप केलं म्हणून शंबूकाचं मुंडकं उडवलंय. जी ताकद लव-कुशाला पडद्यावर आणते, ती शंबूकाच्या बाजूची गोष्टही मागू शकते. ताकद होती आणि आहे. काय मागायचं, ते आपण ठरवायचं.

नाहीतर ते दुसरेच ठरवतात. २८ मार्च २०२० ला, टाळेबंदीत, तेच 'रामायण' परत आलं. कशासाठी? तर म्हणे लोकाग्रहास्तव. त्याच दिवसांत आपल्या मालेगावावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावर मजूर पोरंबाळं खांद्यावर घेऊन चालत होते. गाडी द्या, भाकरी द्या, हा त्यांचा आग्रह. ते लोक नव्हते? मालिकेला परवानगी एका दिवसात मिळते आणि बसला मिळायला महिना लागतो, ही कुठली लोकशाही?

तेव्हा पोरांनो, नुसती वाट पाहू नका, मागा. वाहिन्यांना पत्रं धाडा, सह्यांची बंडलं धाडा. दाद दिली नाही तर हातातला मोबाईल काय फक्त रील बघायला आहे? आपल्या वस्तीतली, आपल्या तालुक्यातली जुनी माणसं गाठा. १९५९ ला कोण तुरुंगात गेलं, घरी चूल कशी पेटली, विचारा आणि टिपून ठेवा. घाई करा. वाड्याच्या धन्याचं भूत येईल परत, पण आपली म्हातारी माणसं गेली की सांगायला परत येणार नाहीत.