हजेरीपटाहून मूल मोठे

नरखेड तालुक्यात मृग बहाराच्या संत्र्यांची तोड, वार्षिक परीक्षांची चाहूल आणि गोवर-कांजिण्यांचे दिवस ही तिन्ही बहुधा एकाच सुमारास येतात. बागेत मजुरीस जाणाऱ्या मातेने तापाने फणफणलेल्या मुलापाशी थांबावे, तर त्या दिवसाच्या रोजीस मुकावे लागते. मग तापाची गोळी देऊन ती त्याला शाळेत धाडते. तिला दोष देणे सोपे आहे. न्याय्य मात्र नाही.

परंतु रोग कोणाची अडचण जाणत नाही. २०२२ साली मुंबईतील गोवंडी भागात गोवराने बालकांचे बळी घेतले. पुढच्याच वर्षी आळंदीपासून विदर्भापर्यंत शाळाशाळांतून डोळे येण्याची साथ पसरली. हे विसरावे इतका काळ अद्याप लोटलेला नाही.

तेव्हा मुलाने घरी केव्हा राहावे, हा निर्णय भीतीवर वा भिडेवर सोपवू नये. गोवरात पुरळ उठल्यापासून ४ दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून ५ दिवस, कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, जुलाब-वांती थांबल्यावर २ दिवस, आणि साध्या तापातही औषधावाचून पूर्ण एक दिवस ताप न येईपर्यंत मुलाने घरीच राहावे. उलटपक्षी, नुसते वाहते नाक किंवा डोक्यातील उवा एवढ्यासाठी मुलाला वर्गाबाहेर काढणे हा अन्याय होय. गोवराचा संसर्ग पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीच सुरू होतो; म्हणून तेथे घरी ठेवणे पुरेसे नाही, लसीच्या दोन्ही मात्रा वेळेवर दिल्याच पाहिजेत.

आमच्या खेड्यांत अंगावर ‘माता’ आली की मूल घराबाहेर न पाठविण्याची रीत जुनीच आहे. तीतील विवेक जपावा; डॉक्टरला न दाखविण्याचा हट्ट तेवढा सोडावा.

तथापि पालकांना उपदेश करून हा प्रश्न सुटणार नाही. शंभर टक्के हजेरीसाठी शाळाच बक्षिसे वाटू लागली, तर आजारी मुलाला घरी ठेवण्यास पालकांनी का धजावे? असे बक्षीस वस्तुतः सुदृढ प्रकृतीला मिळते, गुणाला नव्हे. ते बंद करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन-चार दिवसांच्या रजेसाठी गरिबाकडे डॉक्टरच्या दाखल्याचा आग्रह धरू नये आणि बुडालेला अभ्यास शिक्षकांनी आपुलकीने भरून काढावा. शाळेतले जेवण बुडते, ही चिंताही खोटी नाही. २०२० साली शाळा बंद असता पोषण आहाराचा शिधा पालकांच्या हाती दिला गेला होता. मग आजारी मुलाच्या बाबतीत तसे करणे अशक्य का मानावे? बागायतदारांनी व मुकादमांनीही, चार दिवस घरी राहिलेल्या मातेचे काम तिला परत मिळेल, एवढी हमी द्यावयास हवी.

विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात. शाळा व्यवस्थापन समित्यांनी पहिल्याच पालकसभेत हे दिवस वाचून दाखवावेत व फळ्याशेजारी लावून ठेवावेत. यास पैसा लागत नाही. एका मुलाचे चार दिवस वाचविण्याच्या लोभात सबंध वर्गाचे कित्येक दिवस बुडतात, एवढे ध्यानी घेतले म्हणजे झाले.