शिफारस बदलते, पान कोण बदलणार?

लखनौ येथील भारतीय ऊस संशोधन संस्थेची स्थापना १९५२ साली झाली. तेथील संशोधनाचा महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांशीही निकटचा संबंध आहे. असे संशोधन आज संकेतस्थळांवरून शेतकऱ्यापर्यंत पोहोचते. म्हणूनच संकेतस्थळाची निगा हा विस्तारकार्याचाच भाग मानला पाहिजे.

एक उदाहरण पुरेसे आहे. उसातील हुमणीसाठी एके काळी फोरेट या कीटकनाशकाची शिफारस होत असे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर पूर्ण बंदी आली. तथापि जुन्या पत्रकाची स्कॅन केलेली प्रत एखाद्या संकेतस्थळावर तशीच राहिली, तर बंदी असलेल्या कीटकनाशकाचा सल्ला मोबाइलवर मिळतच राहतो.

एचटीएमएलमध्ये लिहिलेले पान मात्र साधा मजकूरच असते. शीर्षक, परिच्छेद, तक्ता आणि दुवा यांच्या मोजक्या खुणा थोड्या सरावाने आत्मसात होतात. युनिकोड मराठीतील असे पान शोधयंत्राला सापडते, क्षीण नेटवर्कवरही लवकर उघडते आणि त्यातील चुकीची ओळ काही मिनिटांत दुरुस्त करता येते.

हे काम ठेकेदारावर सोपविणे सोयीचे वाटते. परंतु कोणती ओळ कालबाह्य झाली, हे पीक जाणणाऱ्यालाच कळते. सर्व्हर व सुरक्षेची जबाबदारी संगणक विभागाकडेच असावी. मजकुराची मात्र विषयतज्ज्ञाने घ्यावी. त्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांच्या प्रशिक्षणात एचटीएमएलच्या प्राथमिक पाठांना स्थान मिळावे आणि प्रत्येक पानावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख नोंदवावी.