वेलदोड्याच्या तेलाचा भरवसा किती?

वेलदोडा आपल्या बीडच्या मातीत पिकत नाही. तो केरळात इडुक्कीच्या ओल्या डोंगरांत पिकतो. त्याचे तेल मात्र कंबरदुखीपासून अंगावर पांढरे जाण्यापर्यंत सगळ्यावर ‘रामबाण’ म्हणून खपवतात. (शब्दही त्यांचाच!) विहारात आपण कालाम सुत्त वाचतो, मग बाटलीवरच्या चिठ्ठीवर डोळे झाकून विश्वास का ठेवतो?

दाण्यांतून वाफेने काढलेल्या या तेलात सिनिओल असते. त्याच्या वासाने चोंदलेले नाक मोकळे वाटते, एवढे खरे. जेवणानंतर पोट फुगले तर एक वेलदोडा चावून खावा, त्याला महागडी बाटली कशाला? नुसते तेल कातडीला झोंबते; चमचाभर खोबरेलात एखादा थेंब पुरे. लहान लेकरांच्या नाकातोंडाजवळ तर ते नेऊच नये, श्वासाला त्रास होतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे दुखणे वासाने जाणारे नाही. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारला चौकशी करावी लागली, ती उगीच नव्हे. अंगावर जात असेल, कंबर धरत असेल, तर टोळी निघण्याआधीच सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, रक्तही तपासा. आणि कोणी थेट पिशवी काढायला सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय होकार देऊ नका.